संभाजीनगर ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटर आणि दीड दिवस

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात आता एखादं तरी घर असं सापडतं, ज्यातलं लेकरू अमेरिकेत आहे. कधी सुनेच्या नाहीतर मुलीच्या बाळंतपणासाठी, कधी उन्हाळ्यात नातवंडांजवळ राहायला आई-बाबा निघतात. तिकीट व्हॉट्सॲपवर येतं आणि घरात हिशेब सुरू होतो. मोबाइल सांगतो, अंतर साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशे. म्हणजे चौदा तास. तिकिटावर मात्र एकूण प्रवास बावीस-चोवीस तासांचा दाखवलेला असतो. जायला लागणारा वेळ आणि यायला लागणारा वेळ जुळत नाही. आणि निघण्या-पोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी केली, तर विमान सहा तासांतच पोचतंय असं दिसतं.

त्यात बातम्यांची भर. पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, अमेरिकेला जाणारी विमानं व्हिएन्नाला उतरून इंधन भरतायत, आखातातल्या संघर्षामुळे दोहाचं आकाश काही तास बंद. आपल्या आई-बाबांच्या प्रवासाशी याचा काय संबंध, हे कुणी नीट सांगत नाही. संबंध आहे, आणि तो समजायला फार अवघडही नाही. अंतराचं गणित भूमितीने सुटतं. वेळेचं गणित वारा, सरहद्दी, इंधनाची टाकी आणि विमानतळावरच्या रांगा मिळून बिघडवतात. आधी सोपा भाग घेऊ.

अंतर म्हणजे नेमकं कुठलं अंतर?

जालन्याची एक मोसंबी घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव, आणि मोसंबीची कंबर म्हणजे विषुववृत्त. कमरेच्या थोडं वर पेनने एक ठिपका काढा, ते संभाजीनगर. आता मोसंबी जवळजवळ पलीकडच्या बाजूला फिरवा आणि आणखी थोडं वर दुसरा ठिपका काढा, ते न्यूयॉर्क. दोन्ही ठिपक्यांवर दोरा धरा आणि ताणा. दोरा कमरेला समांतर, आडवा राहणारच नाही. ताण दिला की तो देठाकडे सरकतो, कारण तिकडून वाट कमी आहे.

दोरा ज्या रेषेवर स्थिरावला, ती पुढे वाढवली तर मोसंबीचे बरोबर दोन सारखे भाग होतात. अशा वर्तुळाला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि गोलावर दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर नेहमी त्याच रेषेवर मोजतात. मोबाइलवर दिसणारा आकडा हाच. संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे अंतर असं मोजलं तर सुमारे १२,५७० किलोमीटर भरतं. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरचा, म्हणजे कुठलीही दोन गावं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. त्या हिशेबाने न्यूयॉर्क बऱ्यापैकी लांब आहे, पण अगदी टोकाला नाही.

आता ही रेषा जाते कुठून, ते बघा. अमेरिका पश्चिमेला, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. तरी चिकलठाण्याहून ही रेषा निघते ती उत्तरेकडे तोंड करून, जेमतेम पंचवीस अंश डावीकडे कलून. राजस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलँडचा उत्तर किनारा, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचं लॅब्रेडोर आणि खाली न्यूयॉर्क. मध्ये कुठेतरी ती आर्क्टिक वृत्ताला टेकून येते. उन्हाळ्यात या बाजूने गेलेली माणसं सांगतात की रात्रभर खिडकीबाहेर अंधारच पडला नाही. ते खरंच असतं.

मग नकाशावर ती वाकडी का दिसते?

कारण भिंतीवरचा नकाशा म्हणजे मोसंबीची साल सोलून टेबलावर सपाट केलेली. साल न फाडता सपाट होत नाही, म्हणून नकाशा काढणाऱ्याला कुठे ना कुठे ताणावी लागते. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये जो नकाशा काढला, त्यात ध्रुवांकडचा भाग बेसुमार ताणलेला आहे. त्याचं कारण रास्त होतं, जहाजाच्या कप्तानाला होकायंत्राची एकच दिशा धरून सरळ रेघ मारता यावी. कप्तानाची सोय झाली आणि शाळकरी पोरांची दिशाभूल. या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे, आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट.

त्याच नकाशावर पट्टी ठेवून संभाजीनगर ते न्यूयॉर्क सरळ रेघ मारा. ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडेल. दिसायला नाकासमोर. लांबी मात्र साधारण १४,४०० किलोमीटर, म्हणजे त्या ‘वाकड्या’ वाटेपेक्षा अठराशे किलोमीटर जास्त. विमानाचे दोन तास.

मुंबईला जाऊन आपण न्यूयॉर्कच्या जवळ जातो का?

बहुतेक लोक हो म्हणतील. मुंबई पश्चिमेला, अमेरिका पश्चिमेला, मग मुंबई गाठली की तेवढं अंतर कापलं. पण मुंबईपासून न्यूयॉर्क सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. चिकलठाण्याहून १२,५७०. म्हणजे संभाजीनगर ते मुंबई हवेतून सरळ मोजलं तरी २८० किलोमीटरचा प्रवास करून आपण न्यूयॉर्कच्या जवळ सरकतो ते फक्त चाळीसेक किलोमीटर. वाट उत्तरेकडे जाते, आणि ध्रुवाकडे जाताना सगळी रेखावृत्तं एकमेकांजवळ येत जातात. पूर्व-पश्चिम फरकाला तिथे फारशी किंमत उरत नाही.

मुंबईचा रस्ता आपण अंतरासाठी धरत नाही, विमानासाठी धरतो. हा फरक पुढे कामाला येईल.

विमान या रेषेवरून जातं का?

क्वचितच. ही रेषा ज्या देशांवरून जाते, त्यांचं आकाश त्यांच्या मालकीचं आहे. १९४४ मध्ये शिकागोला झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचं पहिलंच कलम हे सांगतं की प्रत्येक देशाची त्याच्या भूमीवरच्या हवाई हद्दीवर पूर्ण सत्ता आहे. वरून जायचं तर परवानगी हवी आणि बहुतेक ठिकाणी पैसेही मोजावे लागतात. परवानगी नाकारली की वळसा.

बालाकोटनंतर पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै आपलं आकाश बंद ठेवलं होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं. वरच्या यादीत राजस्थाननंतर लगेचच पाकिस्तान आहे, हे लक्षात घ्या. रेषा सुरुवातीलाच तुटते. दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातकडे, अरबी समुद्रावर यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. तास-दीड तास इथेच जातो. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना त्यामुळे व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरून इंधन घ्यावं लागलं, आणि दिल्ली-वॉशिंग्टन सेवा कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. त्यामागे विमानांची कमतरता आणि हा वळसा अशी दोन्ही कारणं कंपनीने दिली.

रशियाचं उलटं आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. फिनलंडच्या फिनएअरला याचा मोठा फटका बसला. हेलसिंकी-टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरं जागच्या जागी, अंतर तेवढंच, वेळ मात्र दीडपटीच्या जवळ.

युद्धाशिवायही विमान आडवाट धरतं. भारतातून उत्तरेकडे जाताना तिबेटच्या पठारावरून विमानं सहसा का जात नाहीत, असं विचारलं जातं. विमान इतकं उंच उडत असताना डोंगरांची भीती कसली? भीती डोंगराला धडकण्याची नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर डोक्यावरून मास्क खाली येतात. त्या मास्कचा ऑक्सिजन साधारण बारा ते वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात विमानाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर खाली यावं लागतं, जिथे माणूस स्वतःच्या श्वासावर तगतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. खाली यायला जागाच नाही.

जाताना सोळा तास, येताना चौदा. का?

इथे वारा येतो. जमिनीवरचा नव्हे, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरचा. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर किलोमीटरपासून कधी कधी चारशेपर्यंत जातो. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात, आणि त्यांचा एक पट्टा त्या काळात उत्तर भारतावरूनच जातो.

विमानाचा ताशी ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. हवाच जर ६० च्या वेगाने समोरून येत असेल, तर जमिनीवरच्या हिशेबाने ८४० उरतात. मागून असेल तर ९६० होतात. बारा हजार किलोमीटरला हे लावून बघा. समोरच्या वाऱ्याने सव्वाचौदा तास, मागच्या वाऱ्याने साडेबारा. पावणेदोन तासांचा फरक, एवढ्या किरकोळ वाऱ्याने. आणि जाताना जेवढा वेळ गेला तेवढा येताना पुरता भरूनही निघत नाही. विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ अडकतं आणि सुलट्या वाऱ्यातून लवकर सुटतं, म्हणून येण्या-जाण्याची बेरीज वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा थोडी जास्तच येते.

८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. वादळामुळे जेट स्ट्रीम भलताच जोरात होता, आणि त्या विमानाचा जमिनीवरच्या हिशेबाने वेग ताशी १,३२० किलोमीटरच्या वर गेला. एरवी या प्रवासाला सहा-सात तास लागतात.

आमच्याकडे सांगितलं जाणारं दुसरं एक कारण इथेच निकाली काढू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून अमेरिकेला जाताना उलट सोपं पडायला हवं, नुसतं हवेत थांबलं की खालून अमेरिका येईल, असा तो तर्क. संभाजीनगरची जमीन खरोखर ताशी सुमारे १,५७० किलोमीटरने पूर्वेकडे धावते आहे. पण तिच्यासोबत हवाही धावते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. हवा मागे राहिली असती, तर घराबाहेर पाऊल टाकताच ताशी दीड हजार किलोमीटरचं वादळ तोंडावर आलं असतं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे, पण तो वाऱ्याच्या मार्गाने येतो, सरळ नाही.

लांबची वाट लवकर पोचवते, ती अशी

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली. विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. वाट १३,९०० किलोमीटरच्या आसपास, वेळ सोळा तासांच्या वर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जाण्याची दिशाच बदलली. दिल्लीहून पूर्वेकडे निघायचं आणि प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागायचं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं! पश्चिमेकडे जाताना वारा समोरून यायचा, पूर्वेकडे जाताना तोच पाठीशी आला. परतताना अमेरिकेहून अटलांटिकमार्गे, पुन्हा पूर्वेकडेच. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला पूर्ण फेरी झाली.

अंतर आणि वेळ यांचं नातं किती सैल असतं, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

एवढं इंधन भरून का निघत नाहीत?

बातमीत ‘विमान इंधनासाठी उतरलं’ असं आलं की लोकांना हलगर्जीपणा वाटतो. आकडे पाहिले की तसं वाटणार नाही. बोइंग ७७७-३००ईआर हे अमेरिकेच्या मार्गावरचं नेहमीचं विमान. उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन जास्तीत जास्त ३५१ टन असू शकतं, आणि तासाला ते साधारण सात-आठ टन इंधन जाळतं. सोळा तासांच्या प्रवासाला निघताना त्याच्या वजनातला तिसरा हिस्सा निव्वळ इंधनाचा असतो. तासाभराचा वळसा वाढला म्हणून सात-आठ टन जास्त भरायचं, तर तेवढं वजन पहिल्या तासापासून वाहायलाही इंधन लागतं. वजनाची मर्यादा गाठली की माणसं किंवा माल कमी करावा लागतो. त्यापेक्षा मध्ये उतरून भरणं स्वस्त पडतं. प्रवाशाचे दोन तास जातात, हे खरं.

सिंगापूर एअरलाइन्सचं सिंगापूर-न्यूयॉर्क विमान १५,३०० किलोमीटरहून जास्त अंतर अठरा-एकोणीस तासांत न थांबता कापतं. त्यासाठी जास्त इंधन मावणारी एअरबसची खास आवृत्ती घेतली आहे, आणि तिच्यात साध्या इकॉनॉमी वर्गाच्या खुर्च्याच नाहीत.

तंत्रज्ञान एवढं पुढं गेलं, मग वेग का नाही वाढला?

रास्त प्रश्न. १९५८ मध्ये सेवेत आलेलं बोइंग ७०७ जवळपास आजच्याच वेगाने उडायचं. एअर इंडियाने १९६० मध्ये याच विमानाने मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्क सेवा सुरू केली होती. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांत इंजिनं शांत झाली, इंधन कमी खाऊ लागली, पल्ला वाढला. वेग तिथेच राहिला. कारण ध्वनीचा वेग त्या उंचीवर ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, आणि विमान त्याच्या जवळ जाऊ लागलं की हवेचा विरोध एकदम वाढतो. ९०० च्या आसपास वेग आणि खर्च यांचा मेळ बसतो, त्यापुढे बसत नाही. काँकर्ड १९७७ ते २००३ या काळात ध्वनीच्या दुप्पट वेगाने न्यूयॉर्क-लंडन साडेतीन तासांत नेत होतं. त्याचा पल्ला सात हजार किलोमीटरच्या आसपासच. मुंबई-न्यूयॉर्कला ते मध्ये थांबल्याशिवाय कधीच पुरलं नसतं.

तिकिटावरची वेळ वाचायची कशी?

तिकिटावर प्रत्येक विमानतळाची वेळ तिथल्या स्थानिक घड्याळाने छापतात. याला अपवाद नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी वजाबाकी आहे.

भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे, ते मिर्झापूरजवळून जातं. पंधरा अंशांना एक तास, या हिशेबाने आपला संभाजीनगरचा सूर्य त्या घड्याळाच्या अर्धा तास मागे चालतो, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह होते ती साडेबाराच्या सुमारास. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

समजा डिसेंबरात मुंबईहून विमान रात्री १ वाजता सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसहाला न्यूयॉर्कला उतरतं. दिसायला साडेपाच तास. त्यात साडेदहा मिळवा, झाले सोळा. परतीचं विमान दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत आलं, तर दिसायला साडेचोवीस. त्यातून साडेदहा वजा करा, उरले चौदा. जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे, बस्स.

प्रशांत महासागरावरून जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषाही लागते. दिल्लीहून पहाटे ३ ला निघून साडेचौदा तासांनी हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात, तर तिथे त्याच दिवशीची पहाट असते, चार वाजलेले. साडेचौदा तास विमानात गेले आणि घड्याळ एक तासच सरकलं. अंगाला मात्र हे फसवता येत नाही. झोपेचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने नव्या वेळेला जुळतं, म्हणून पोचल्यावर पहिले काही दिवस दुपारी तीनला पेंग येते आणि रात्री दोनला टक्क जाग.

आणखी एक बारकावा. तिकिटावरचा कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात धरतात, आणि कंपन्या वर थोडी ढिलाईही ठेवतात. म्हणूनच विमान पाऊण तास उशिरा सुटूनही ‘वेळेवर’ पोचतं.

थांब्याने अंतर वाढतं की वेळ?

लोकांना वाटतं दुबईमार्गे म्हणजे केवढा फेरा. मोजून पाहू. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०००. बेरीज बारा हजार नऊशेच्या थोडी पुढे. थेट रेषेपेक्षा फक्त चारशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गे तर ७,२०० आणि ५,५४०, म्हणजे जेमतेम दोनशेचा फरक. फेरा जवळजवळ नाहीच. वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात.

संभाजीनगरच्या घराच्या उंबऱ्यापासून हिशेब मांडला तर असा येतो. समृद्धीने मुंबई विमानतळ सहा-सात तास. तीन तास आधी हजर. दुबईपर्यंत सव्वातीन. तिथे चार तास थांबा, पुढे चौदा तास. न्यूयॉर्कला इमिग्रेशनची रांग आणि सामान, दीड-दोन तास. तेहतीसच्या आसपास झाले, आणि मुलाच्या घरी पोचेपर्यंत पस्तीस. त्यात हवेत घालवलेले तास सतराच, म्हणजे निम्मे. उरलेले निम्मे जमिनीवर. म्हणूनच थांब्याच्या ठिकाणी युद्धाची ठिणगी पडली की गोची होते. २३ जून २०२५ ला कतारने काही तास आकाश बंद केलं, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्या हजारो लोकांचं पुढचं विमान चुकलं.

थांबा निवडताना स्वस्तात स्वस्त तिकीट पाहणारी मुलं मला जरा हिशेबी वाटतात. साठी ओलांडलेल्या, इंग्रजीची सवय नसलेल्या माणसांना दीड तासाचा थांबा म्हणजे पळापळ, आणि नऊ तासांचा म्हणजे शिक्षा. तीन-चार तास बरे. व्हीलचेअरची मदत तिकिटासोबतच मागून ठेवावी. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, उतरल्यावर ती रांग लागत नाही. आणि न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसरं विमान पकडायचं असेल, तर एरवी सामान न्यूयॉर्कलाच हातात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. संभाजीनगरला बॅग दिली म्हणजे ती थेट डॅलसला निघेल, असं समजू नये.

चिकलठाण्याहून थेट का नाही?

हे अशक्य होतं असं नाही. हज यात्रेची विमानं इथून जेद्दाला गेलेली आहेत. पण जेद्दा साधारण ३,७५० किलोमीटर, न्यूयॉर्क त्याच्या तिपटीहून जास्त. साडेतीनशे टनांचं विमान उचलायला लांब आणि भक्कम धावपट्टी लागते. चिकलठाण्याची तीन किलोमीटरपेक्षा आखूड आहे आणि ती वाढवण्यासाठी जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं चर्चेत आहे. धावपट्टी झाली तरी रोज तीनशे प्रवासी लागतील. ते मुंबई-दिल्लीला देशभरातून गोळा होतात. खरं सांगायचं तर आपल्याला थेट न्यूयॉर्क नको आहे. दुबई, दोहा किंवा अबू धाबीपर्यंत एखादं मध्यम विमान मिळालं, तर मुंबईचा पूर्ण टप्पाच गळेल. मागणी करायची तर ही करावी.

नांदेड-लातूरकरांनी मुंबईच का धरावी?

हा प्रश्न मराठवाड्यात पुरेसा विचारला जात नाही. हैदराबादपासून न्यूयॉर्क सुमारे १२,९६० किलोमीटर, मुंबईपेक्षा सव्वाचारशेने जास्त. विमानाचा अर्धा तास. आता जमिनीवरचं बघा. नांदेड किंवा लातूरहून हैदराबादचा शमशाबाद विमानतळ पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या आसपास, पाच-सहा तास. नांदेडहून मुंबई त्याच्या दुप्पट, आणि शेवटचे दोन तास ट्रॅफिकचे. हवेत अर्धा तास घालून रस्त्यावरचे पाच तास वाचतात. दुबई, दोहा, लंडनची विमानं हैदराबादहूनही सुटतात. उमरगा, उदगीर, देगलूरकडच्यांना तर मुंबईचा विचारही करायची गरज नाही. संभाजीनगर-जालन्याला मात्र मुंबईच जवळ, आणि बीड-धाराशिवकरांनी दोन्हीकडचे रस्ते आणि दर मांडून बघावेत.

संभाजीनगरहून मुंबईला विमानाने जाऊन पुढचं पकडायचं असेल, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत. तसं असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तरी पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं असतील तर तो भुर्दंड आपला. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे, तेव्हा ‘मुंबई’ एवढंच वाचून थांबू नका. देशांतर्गत विमान तिथे उतरलं आणि अमेरिकेचं सहारच्या जुन्या विमानतळावरून असलं, तर मध्ये खाडीपल्याडचा रस्ता आणि शहरातली गर्दी आहे. जुन्याच विमानतळावर जाणारं विमान असलं तरी ते टर्मिनल १ ला उतरतं की २ ला, हे पाहावं. दोन्हींच्या मध्ये रस्त्याने जावं लागतं, बॅगा घेऊन.